हॅरोचा जमाल

शंकेखोर : देव पटेलची गोष्ट आपल्याकडे ज्या कौतुकानं सांगतात, ते कौतुक मला पचत नाही. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. लंडनच्या हॅरो भागातला सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा. नाट्यशिक्षण नाही, नाटक-सिनेमात कुणाची ओळख नाही. आईनं ‘मेट्रो’ या फुकट वाटल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात जाहिरात पाहिली आणि दुसऱ्या दिवशी विज्ञानाची परीक्षा असताना पोराला ऑडिशनला नेलं. २००७ च्या जानेवारीत तो ‘स्किन्स’ या मालिकेत दिसू लागला. दिग्दर्शक डॅनी बॉइलची मुलगी ती मालिका बघायची, तिनं वडिलांना याचं नाव सुचवलं. २००९ च्या फेब्रुवारीत ‘स्लमडॉग मिलियनेअर’ला आठ ऑस्कर मिळाली तेव्हा त्याच्या नायकाला एकोणीस वर्षंही पुरी व्हायची होती. यातून एक जाहिरात आणि दिग्दर्शकाची मुलगी वजा करा, उरतं काय? नशीब उघडलेल्या एका मुलाकडे बोट दाखवून आपण म्हणतो, बघा, स्थलांतरितांच्या पोरांना पडदा खुला झाला. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांचं नाव कुणाला ठाऊक नसतं, म्हणून हे म्हणणं खोडताही येत नाही. आणि ‘आपला’ देव पटेल कुठल्या हिशेबानं? मुलगा हॅरोत जन्मला, आई-बाप नैरोबीत. मुंबईशी त्याचा संबंध एका शूटिंगपुरता.

रसिक : नशीब मी नाकारत नाही. पण ती जाहिरात लंडनमधल्या हजारो घरांत वाचली गेली असेल. त्या प्रत्येक घरातून ‘स्किन्स’मधला अन्वर निघाला नाही. मुलगा लहानपणापासून तायक्वांदो खेळत होता, २००४ साली डब्लिनच्या स्पर्धेत त्यानं कांस्यपदक मिळवलं होतं. चार लोकांसमोर अंग मोकळं ठेवायची सवय त्याला होती. ‘स्किन्स’वाल्यांनीही निवड झाल्यावर अन्वरची भूमिका त्याच्या स्वभावाकडे बघून घडवली. ती भूमिका काय होती ते आठवा. २००५ च्या जुलैत लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले होते. त्यानंतरच्या ब्रिटिश पडद्यावर मुसलमान तरुण दिसला की प्रेक्षक त्याच्या पाठीवरच्या पिशवीकडे बघायचा. अन्वर नमाज पढतो, दारू पितो, पोरींच्या मागे लागतो, आणि जिवलग मित्र समलिंगी असल्यामुळे धर्म आणि दोस्ती यांच्या मध्ये सापडून मित्रालाच दुखावतो. पहिल्या पर्वाच्या शेवटी अन्वरचा बाप त्या मित्राला आत बोलावतो. जे काही कळत नाही ते एक दिवस देव कळवेल, अशा थाटात. असला मुलगा विनोदी करायचा, तरी त्याच्या श्रद्धेची टिंगल होऊ द्यायची नाही, याला नशीब पुरत नाही. ते अंग मुळात असावं लागतं.

शंकेखोर : अंग असेल. पण तुम्ही घाईनं पुढं गेलात, तिथं जरा थांबते. गुजराती हिंदू घरातला मुलगा पाकिस्तानी वंशाच्या मुसलमानाची भूमिका करतो आणि ब्रिटनमध्ये कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. कारण तिथल्या निवड करणाऱ्यांच्या टेबलावर एकच खण असतो, ‘एशियन’. गुजरात, सिल्हेट, मीरपूर, जाफना, सगळं त्यात. त्याच मालिकेतली दुसरी दोन मुलं बघा. डॅनियल कलूया, युगांडाहून आलेल्या कुटुंबातला. त्याला पडद्यावर छोटं काम होतं आणि तो लेखकांच्या चमूतही होता. ‘गेट आउट’ त्याला मिळाला २०१७ मध्ये, दहा वर्षांनी. आणि निकोलस होल्ट, मालिकेचा नायक, गोरा. तो ‘अ सिंगल मॅन’मध्ये विद्यार्थी झाला, ‘एक्स-मेन’मध्ये निळ्या केसांचा प्राणी झाला, २०१५ च्या ‘मॅड मॅक्स’मध्ये टक्कल केलेला वेडा सैनिक झाला. या तिन्ही वेळी त्याचे आजोबा कुठल्या गावचे, हे कुणाला विचारावंसं वाटलं नाही. पटेलला ते प्रत्येक भूमिकेत, न विचारता, विचारलं गेलं.

रसिक : होल्टशी तुलना मला मान्य आहे. मात्र गुजराती हिंदूनं मुसलमान केला यात खटकण्यासारखं काही दिसत नाही. उद्या तुम्ही म्हणाल, पटेलांनी पटेलच करावेत. मग तो ‘एशियन’ खण मोडलात कुठं? त्याचे आणखी चार कप्पे पाडलेत एवढंच. माझं कौतुक जरा जुन्या हिशेबावर उभं आहे. बेन किंग्जली मूळचे कृष्ण भानजी. वडील पूर्व आफ्रिकेतल्या गुजराती कुटुंबातले डॉक्टर. त्या पिढीत ऑडिशनला बोलावणं यावं म्हणून नाव बदलावं लागलं. अमेरिकेतला कल्पेन मोदी ‘कॅल पेन’ झाला. आता पटेलच्या घराकडे या. १९६८ साली केनियातले आशियाई खिशात ब्रिटिश पासपोर्ट घेऊन लंडनला येऊ लागले, तेव्हा ब्रिटिश संसदेनं तीन दिवसांत कायदा करून दार ओढून घेतलं. ज्या समाजासाठी तो कायदा झाला, त्या समाजाचं सगळ्यांत साधं, टेलिफोनच्या वहीत पानंच्या पानं भरणारं आडनाव २००८ मध्ये जगभरच्या पोस्टरवर आलं, एक अक्षर न बदलता. याला नुसतं नशीब म्हणून मोकळं कसं होता येईल?

शंकेखोर : किंग्जलींचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं केलंत. ‘गांधी’ १९८२ चा. गांधी ब्रिटनमधून आले. कस्तुरबा झाल्या रोहिणी हट्टंगडी, त्यांना ब्रिटिश अकादमीचं पारितोषिक मिळालं. वेशभूषा आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैय्यांची, त्यांना ऑस्कर मिळालं. कला इथली, कारागिरी इथली, फक्त मधली खुर्ची तिकडची. सव्वीस वर्षांनी ‘स्लमडॉग’मध्ये तेच. शहर मुंबई, पोलीस अधिकारी इरफान, प्रश्नमंजुषेचा सूत्रसंचालक अनिल कपूर, गुंड महेश मांजरेकर. मधली खुर्ची हॅरोची. बॉइल यांनी कारण दिलं की मुंबईत बघितलेले तरुण फार कमावलेल्या शरीराचे होते, त्यांना सामान्य दिसणारा मुलगा हवा होता. अहो, सामान्य दिसणारी मुलं मुंबईत नव्हती? सवाई, आयएनटी या एकांकिका स्पर्धा बघा. दरवर्षी हाडकुळी, उपाशी डोळ्यांची, मंच खाऊन टाकणारी पोरं तिथं ओळीनं उभी असतात. ती त्यांना दिसली नाहीत, कारण खरी अट शरीराची नव्हती, इंग्रजीची होती. चित्रपटाचा साधारण तिसरा हिस्सा हिंदीत आहे, तोही मुख्यतः लहान मुलांच्या वाट्याला. नायक जमाल मोठा होतो आणि इंग्रजी बोलायला लागतो. का बोलतो याचं उत्तर कथेत फारसं मिळत नाही, तिकीटबारीवर मिळतं. आणि इंग्रजी ही अट एकदा ठरली की हॅरोचा मुलगा शर्यतीत अर्ध्या अंतरावर उभा असतो.

रसिक : हिंदीचं तुम्ही म्हणता ते उलटंही वाचता येतं. पटकथा इंग्रजीत होती. मुलांचे प्रसंग हिंदीत करावेत, हे लवलीन टंडन यांनी सुचवलं आणि ते मानलं गेलं. त्या पुढं सहदिग्दर्शिका झाल्या. म्हणजे दिग्दर्शकाला ऐकू येत होतं. धाकटा जमाल केला तो आयुष महेश खेडेकर इथलाच. राहिला मोठा जमाल. पाच वेळा ऑडिशन घेऊन तो निवडला गेला, शिफारशीवर तोंड बघून नव्हे. त्या भूमिकेत मुलाला करायचं काय आहे ते बघा. पळणं, मारामारी त्यात फार नाही. तो बसून ऐकतो. एका खुर्चीत अनिल कपूरसमोर, दुसऱ्या खुर्चीत इरफानसमोर. समोर असले दोन नट असताना कुठल्याही सतरा-अठरा वर्षांच्या पोराला काहीतरी करून दाखवायची खुमखुमी येईल. हा काही करत नाही. चेहरा कोरा ठेवतो, आणि त्या कोऱ्या चेहऱ्यामुळेच प्रत्येक प्रश्नामागची आठवण आपल्याला त्याची वाटते. जमाल त्या झगझगीत स्टुडिओत उपरा आहे. पटेल मुंबईत उपरा होता. त्यानं ते उपरेपण लपवलं नाही, कामाला लावलं. एकांकिकेतला आपला तयार मुलगा कदाचित जास्त चांगला अभिनय दाखवून गेला असता, आणि तिथंच जमाल हातचा गेला असता.

शंकेखोर : कदाचित. पण कळायला संधी द्यावी लागते आणि ती दिली गेली नाही, म्हणून आपण दोघं ‘कदाचित’वर वाद घालतोय. तो सोडू. त्या चित्रपटात तीन वयांचे तीन जमाल आहेत, तीन सलीम म्हणजे त्याचा भाऊ, तीन लतिका म्हणजे त्याची मैत्रीण. धाकटा सलीम आणि धाकटी लतिका झालेली मुलं वांद्र्याच्या रेल्वेलगतच्या गरीब नगरातली. ऑस्करच्या रात्री ती लॉस एंजेलिसला होती. मे २००९ मध्ये, तीन महिन्यांच्या आत, त्या दोघांचीही झोपडी अतिक्रमण म्हणून पाडली गेली. निर्मात्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी, घरासाठी ‘जय हो’ न्यास काढला, हे मी विसरत नाही. त्यांना खलनायक ठरवायचंही नाही. मी फक्त एकाच चित्रपटातून निघालेल्या वाटा बघते. हॅरोच्या मुलाला तिथून पुढं एजंट होता, भाषा होती, कुठल्याही विमानतळावर चालणारा पासपोर्ट होता. पडला तर परत उभं राहायला जागा होती. मुंबईकर फ्रीडा पिंटोकडे निदान इंग्रजी आणि मॉडेलिंगचा अनुभव होता. गरीब नगरच्या मुलांकडे जे होतं ते पहिल्याच चित्रपटानं वापरून संपवलं. आता सांगा, वंचित कोण? आपण ज्याला स्थलांतरितांचा उपेक्षित पोरगा म्हणून डोक्यावर घेतो, तो त्या सेटवरच्या सर्वांत सुदैवी लोकांत होता.

रसिक : हे खरं आहे आणि बोचणारंही. पण त्याचा जाब एका सतरा वर्षांच्या मुलाला कसा विचारणार? तोही कुणीतरी निवडलेलाच होता. शिवाय तुमची मापं बदलताहेत. मघाशी म्हणालात, ब्रिटनमध्ये त्याला खणात कोंबलं. आता म्हणताय, तो सुदैवी. दोन्हींपैकी एक काहीतरी ठरवा, म्हणजे मला उत्तर देता येईल.

शंकेखोर : मी ठरवणार नाही, कारण दोन्ही एकाच वेळी खरं आहे. लंडनच्या ऑफिसात तो ‘एशियन’ असतो. मुंबईच्या सेटवर तो लंडनचा असतो. तिकडं त्याच्या कातडीला किंमत मोजावी लागते, इकडं त्याच्या उच्चारांना किंमत मिळते. स्थलांतरितांच्या मुलाचं नेमकं ठिकाण हेच आहे. माझी तक्रार कौतुक करणाऱ्यांबद्दल आहे. ब्रिटिश कौतुक पहिली बाजू गिळतं. आमच्याकडे बघा, पटेलचा पोरगा हिरो झाला, म्हणजे खण वगैरे काही नाही. आपलं कौतुक दुसरी बाजू गिळतं. बघा, आपला पोरगा गोऱ्यांच्या देशात हिरो झाला, म्हणजे मुंबईत कुणाची वाट अडली वगैरे काही नाही.

रसिक : ठीक. दोन मापं तर दोन मापं. मग ‘स्लमडॉग’नंतरची वर्षंही दोन्हींनी मोजू. दहा नामांकनं, आठ ऑस्कर, आणि त्यात अभिनयाचं एकही नामांकन नाही. यशाचा चेहरा ज्याचा, त्याच्या वाट्याला त्या यादीत काही नाही. त्यानंतरच्या दिवसांबद्दल पटेलनं मुलाखतीत सांगितलंय, की आशियाई नटाकडे दमदार संहिता येतच नाहीत; येतात त्या दहशतवाद्याच्या, टॅक्सीवाल्याच्या, हुशार पण बावळट पोराच्या. पुढचा चित्रपट आला २०१० मध्ये, ‘द लास्ट एअरबेंडर’. समीक्षकांनी त्याच्या चिंध्या केल्या, वाईट चित्रपटांना देतात ती रॅझी पारितोषिकं पाच मिळाली. इथं मला खरी गंमत दिसते. गोऱ्या नटाला आपटायची मुभा असते, पुढच्या वर्षी दुसरं काम तयार. अल्पसंख्य समाजातल्या नटाचं पहिलं अपयश त्या सगळ्या समाजाच्या नावावर जमा होतं. यांचे चित्रपट चालत नाहीत, विषय संपला. पटेल आपटला आणि टिकला. नाट्यशाळेत बंद दाराआड माणूस ज्या चुका करतो, त्या यानं हजारो पडद्यांवर केल्या आणि त्यातून शिकला. मला तरी हे आठ ऑस्करांहून मोठं वाटतं.

शंकेखोर : टिकला हे खरं, पण कुठल्या अटींवर? ‘एअरबेंडर’ची मांडणी आठवा. मुळातली कार्टून मालिका आशियाई संस्कृतींवर बेतलेली. चित्रपटात नायक मंडळी गोरी, आणि आग ओकणारं शत्रुराष्ट्र सावळं. त्याचा राजपुत्र पटेल आणि सेनानी मुंबईत जन्मून ब्रॅडफर्डला वाढलेले आसिफ मांडवी. हा वाद तेव्हाच गाजला होता. मग ‘द बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल’. पैसे पुरत नाहीत म्हणून म्हातारे इंग्रज जयपूरला येऊन राहतात, आणि सनी कपूर नावाचा तोंडाळ, आशावादी, धांदरट पोरगा मोडक्या हवेलीत त्यांची सरबराई करतो. भारत हा कुणाच्यातरी उतारवयाचा इलाज, आणि भारतीय तरुणाची तगमग हा विनोदाचा विषय. २०१५ ला त्याचा दुसरा भागही आला. त्याच वर्षी गणिती रामानुजन यांच्यावरचा चित्रपट. मद्रासहून केंब्रिजला जाणारी प्रतिभा, पण आपण तिला भेटतो तिथल्या प्राध्यापक हार्डींच्या डोळ्यांनी. म्हणजे ‘स्लमडॉग’ला सात वर्षं झाली तरी याचं काम एकच. पाश्चात्त्य पाहुण्याला भारत दाखवायचा, आणि दाखवताना उच्चार त्या पाहुण्याच्या कानात आधीच बसलेले ठेवायचे.

रसिक : सनीच्या बाबतीत मी तुमच्याशी भांडणार. जुडी डेंच, मॅगी स्मिथ यांच्यासारख्या बायका पडद्यावर असताना विशीतल्या पोरानं प्रसंगाचा वेग आपल्या हातात ठेवायचा, ही साधी गोष्ट नाही. तो सनी हॅरोच्या कुठल्याही गुजराती लग्नात भेटेल. मांडवाचं बिल थकलेलं, केटररचा फोन चुकवतोय, आणि व्याह्यांना सांगतोय, सगळं झकास होणार. पटेलनं भारताची नक्कल केली नाही. घरातल्या मोठ्यांच्या बोलण्याची नक्कल केली, आणि तीत माया आहे. त्यावर इंग्रज प्रेक्षक कुठल्या भावनेनं हसला, हे नटाच्या हातात नसतं. शिवाय भारताशी काडीचा संबंध नसलेली कामं त्यानं केली नाहीत असं थोडंच आहे? २०१४ च्या ‘द रोड विदिन’मध्ये तो मंत्रचळाच्या आजाराशी झुंजणारा मुलगा आहे. भारत नाही, आजी-आजोबा नाहीत, नुसता एक घाबरलेला, चिडलेला मुलगा. तो चित्रपट फार कुणी पाहिला नाही. दोष मग नटाचा की आपला? चर्चा आपण मात्र सनीचीच करतो.

शंकेखोर : हा टोला बसला. खण प्रेक्षकाच्याही हातात असतो, हे मान्य करते. पण त्यामुळं मला आणखी एक गोष्ट दिसायला लागली, ती तुमच्या लाडक्या सनीपेक्षा जास्त खटकणारी आहे. पटेलची पहिलीच भूमिका त्याच्या सगळ्यांत जवळची होती. अन्वर त्याच्याच बोलीत बोलायचा. पूर्वज कुठलेही असोत, त्याचे प्रश्न इंग्लंडमधल्या एका मुलाचे होते. दोन पर्वांनंतर ‘स्किन्स’नं ठरल्याप्रमाणे जवळजवळ सगळी मुलं बदलली, पटेल जगप्रसिद्ध झाला, आणि ती प्रसिद्धी त्याला जिथं तो कधी राहिला नाही अशा देशाकडे घेऊन गेली. स्थानिक वाहिनीवर तो इंग्लंडचा मुलगा होऊ शकत होता. जगाच्या बाजारात जाताच त्याला भारतीय व्हावं लागलं. नट जितका मोठा, तितका तो स्वतःपासून लांब. कारकिर्दीचा हा उलटा प्रवास आपण प्रगती म्हणून साजरा केला.

रसिक : आणि म्हणूनच २०१६ चा ‘लायन’ महत्त्वाचा. सरू ब्रायर्ली खांडव्याचा मुलगा. बुऱ्हाणपूरच्या स्टेशनवर भावापासून चुकला, रिकाम्या गाडीत बसून हावड्याला पोचला, टास्मानियातल्या जोडप्यानं त्याला दत्तक घेतलं. मोठा सरू दिसायला भारतीय, बोलायला ऑस्ट्रेलियन, मातृभाषा पुसली गेलेली, गावाचं नाव चुकीचं लक्षात राहिलेलं. पटेलपुढं इथं प्रथमच अशी भूमिका आली जिच्यात भारत दाखवायचा नाही, भारत हरवल्याचं दाखवायचं. तो दाढी-केस वाढवून, अंगानं भरून, ऑस्ट्रेलियन उच्चार घेऊन उभा राहिला. एका पार्टीत जिलबी दिसते आणि सरू गप्प होतो, तो प्रसंग बघा. संवादाविना चालणारं ते काम त्याला वयाच्या सतराव्या वर्षी येत होतंच, पण इथं त्या गप्प बसण्यात वजन आलंय. ब्रिटिश अकादमीचं पारितोषिक, ऑस्करचं नामांकन. तुम्ही म्हणता प्रवास स्वतःपासून लांब गेला. मला वाटतं, ते लांब जाणंच शेवटी त्याचं भांडवल झालं.

शंकेखोर : ‘लायन’मध्ये तो उत्तम आहे, वादच नाही. तरी दुसरं माप खाली ठेवू नका. चित्रपटाचा जवळजवळ अर्धा भाग वाहून नेतो तो सनी पवार, मुंबईचा लहानगा मुलगा. त्याच्या चेहऱ्यामुळे आपण हावड्याच्या गर्दीत जीव मुठीत धरून बसतो. पुन्हा तीच वाटणी. बालपण मुंबईचं, मोठेपण लंडनचं. आणखी एक. पटेलला मिळालेलं पारितोषिक सहायक अभिनेत्याचं. कथा सरूची, मोठा सरू तो, तरी सहायक. अशा वर्गवाऱ्या डावपेच म्हणून केल्या जातात हे मी जाणते. तरी असं वाटतं, की डाव कुणासाठी कसा मांडायचा याच्याही सवयी पडलेल्या असतात. ‘द रोड विदिन’सारखा अपवाद सोडला, तर ज्या कामात त्याला पूर्वजांचा दाखला मागितला गेला नाही, तो ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ आला २०१९ ला, आणि मध्ययुगीन सरदाराचा ‘द ग्रीन नाइट’ २०२१ ला. होल्टला जे पहिल्या दिवसापासून मिळालं, ते याला बारा वर्षांनी.

रसिक : त्या बारा वर्षांनी पुढच्यांचा रस्ता आखूड केला, हे धरणार की नाही? मैत्रेयी रामकृष्णन, श्रीलंकेहून कॅनडात आलेल्या तमिळ कुटुंबातली. खुल्या निवडीतून, सुमारे पंधरा हजार मुलींमधून तिला घेतलं, आणि २०२० मध्ये ‘नेव्हर हॅव आय एव्हर’मध्ये ती अमेरिकेत वाढलेली, चिडकी, आगाऊ मुलगी झाली. २०२२ मध्ये कराचीत जन्मून कॅनडात वाढलेली इमान वेलानी ‘मिस मार्व्हल’ झाली. दोघींना आजीचे उच्चार उसने घ्यावे लागले नाहीत. अन्वरचं जे काम अर्ध्यावर राहिलं होतं, ते या मुली पुढं नेताहेत. आणि निवड करायची वेळ पटेलवर आली तेव्हा काय झालं? २०२४ च्या ‘मंकी मॅन’चा तो दिग्दर्शक. मकरंद देशपांडे, अश्विनी काळसेकर, विपिन शर्मा, सिकंदर खेर. मुंबईत वर्षानुवर्षं राबलेले नट त्यानं जगापुढं नेले.

शंकेखोर : नेले, आणि मधल्या खुर्चीत स्वतः बसला. शहर भारतीय, पण काल्पनिक, शूटिंग इंडोनेशियात, त्या वर्षी आपल्या चित्रपटगृहांत चित्रपट पोचलाच नाही. त्याला दोष देत नाही, हात मोडून घेऊन त्यानं तो पुरा केला. पण खुर्चीची जागा हलली का, एवढंच विचारते. मैत्रेयी आणि इमान यांच्याबद्दल मात्र आनंद आहे, कारण त्यांच्या कथेत कुणा मुंबईकराची जागा जात नाही. कॅनडातल्या मुलीनं अमेरिकेतली मुलगी करावी. पेच तिथं पडतो, जिथं कथा इथली, पैसा तिकडचा आणि चेहरा मधला.

रसिक : मग पेच नेमका करून बघू. उद्या मुंबईतल्या मुलाची कथा इंग्रजीत होतेय. खोलीबाहेर दोन मुलं बसलीत, एक हॅरोचा, एक लालबागचा. मी आत बसलो असेन तर जो चांगलं करेल त्याला घेईन. जन्मस्थळ बघणार नाही. ते बघायला लागलो तर ज्या खणाबद्दल आपण इतका वेळ बोललो तोच मी भरत असेन.

शंकेखोर : आणि मी विचारेन, ‘चांगलं’ ठरवायला तुमच्या हातात कागद कुठल्या भाषेतला आहे? लालबागच्या मुलाला तो काल रात्री मिळाला, हॅरोच्या मुलानं आयुष्यभर त्याच भाषेत आईशी भांडण केलंय. तुमची परीक्षा प्रामाणिक असेल, पण अभ्यासक्रम एकालाच आधी मिळालेला आहे.

रसिक : मग परीक्षा दोन्ही भाषांत घेऊ.

शंकेखोर : जरूर घ्या. मग हॅरोचा मुलगा मराठी-हिंदीत अडखळेल, आणि लंडनमध्ये ज्यानं ‘एशियन’ म्हणून दारं झिजवली, त्याला इथंही दार बंद. तो कुठल्या खोलीत जाऊन सांगेल की ही भूमिका माझी? ते उत्तर माझ्याकडे नाही, हे कबूल करते. फक्त तुम्ही खोलीच्या आतला न्याय बघताय आणि मी खोलीपर्यंत पोचायच्या रस्त्याचा. निर्मात्याला त्या दिवशी नाव एकच लिहायचं असतं, आणि त्या एका नावानं आपल्यातल्या एकाचा न्याय मोडतोच. तुम्ही कुठलं लिहाल?

रसिक : आज विचाराल तर अजूनही जो चांगलं करेल त्याचं. पण लिहिण्याआधी, बाहेर कोण येऊन बसलंय याची यादी कुणी केली ते विचारेन. ‘मेट्रो’ वर्तमानपत्र लालबागला येत नाही.